अजब बंगल्यातून घरी येताना

(प्रस्तावना)

१८७० साली बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावाजवळ गुरं चारणाऱ्या दोन पोरांना जमिनीतून डोकावणारा धातूचा तुकडा दिसला. पोरांनी तो ओढून काढला. पुढे तिथे खणलं तेव्हा तांब्याची ४२४ अवजारं आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. त्यातल्या काही पत्र्यांच्या गोल चकत्या होत्या आणि काही चक्क बैलाच्या डोक्याच्या आकारात कापलेले होते. इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातला हा साठा पुढे वाटला गेला. काही भाग लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला, काही नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आला.

गुराखी पोरांना सापडलेले चांदीचे बैल! नागपूरच्या माणसाला इथे तान्हा पोळा आठवल्याशिवाय राहत नाही. मलाही आठवला. पण ते नंतर. आधी मला सांगायचं आहे ते कुऱ्हाडीबद्दल.

शाळेत चित्रकला शिकवत असताना एकदा आठवीचा वर्ग घेऊन मी या संग्रहालयात गेलो होतो. चाळीस पोट्टे, दोन शिक्षक. पक्ष्याप्राण्यांपाशी झुंबड, शस्त्रांपाशी धक्काबुक्की, आणि तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडींपुढून सगळे सरसर पुढे. दुसऱ्या दिवशी वर्गात मी म्हटलं, काल पाहिलेली तांब्याची कुऱ्हाड काढा. बहुतेकांनी दांडा असलेली, लाकूडतोड्याच्या गोष्टीतली कुऱ्हाड काढली. एकाने सिनेमातला परशू काढला. एका मुलीने कागद कोराच दिला आणि म्हणाली, ‘‘सर, पाहिली होती. पण दिसत नाही.’’ मी तिला रागावलो. संध्याकाळी घरी आल्यावर जुन्या कॅलेंडरच्या मागे मी स्वतः ती काढायला बसलो, तर पातं धारेकडे हळूहळू रुंदावतं की शेवटाला एकदम पसरतं, हे मलाही सांगता येईना. तिचा कागद खरा होता. बाकीच्यांनी, आणि मीसुद्धा, न पाहिलेलं भरून काढलं होतं.

हे पुस्तक हाती आलं तेव्हा मला तो कोरा कागद आठवला, म्हणून ही प्रस्तावना लिहायला मी तयार झालो.

संग्रहालयातल्या वस्तूवरून लोकांनी आपापल्या घरी काही रंगवावं, विणावं, मातीत घडवावं, आणि संग्रहालयाने ते घडवायला मदत करावी, या व्यवहाराला मराठीत अजून धड नाव नाही. ‘घरबसल्या उपक्रम’ म्हटलं की विजेच्या खांबावरच्या ‘घरबसल्या कमवा’ची आठवण होते. ‘सर्जनशील कृती’ म्हटलं की शिक्षण खात्याचं परिपत्रक डोळ्यांपुढे येतं. नाव नसलं तरी गोष्ट मात्र जुनी आहे, आणि तिच्या मुळाशी भांडणंही जुनी आहेत. नव्या वाचकाला ती माहीत असलेली बरी. नाहीतर हे पुस्तक म्हणजे सुट्टीत पोरांना गुंतवून ठेवायच्या युक्त्यांची चोपडी वाटायची.

सुरुवात आपल्याच गावापासून करू. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली सुरू झालं. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांनी ते उभं केलं. मुंबईचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम १९२२ मध्ये लोकांसाठी उघडलं, म्हणजे आपलं त्याहून साठेक वर्षांनी जुनं. त्याच १८६३ मध्ये स्टीफन हिस्लॉप गेले. हा मिशनरी नागपुरात शाळा चालवायचा, दगडांतली जीवाश्मं गोळा करायचा आणि गोंडांची गाणी उतरवून घ्यायचा. टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात तो बुडाला. त्याची टिपणं टेंपल यांनीच पुढे १८६६ मध्ये छापली. संग्रहालयाच्या पायाशी असलेली जिज्ञासा ही अशी होती. ती खरी होती, पण साहेबाची होती. प्रांतात काय काय आहे याची यादी सरकारला हवी होती. दगड, पक्षी, शिलालेख, शस्त्रं, आणि त्याच ओळीत माणसंही.

लोकांनी या इमारतीला काय म्हटलं ते पाहा. कलकत्त्यात १८१४ साली स्थापन झालेल्या इंडियन म्युझियमला लोक जादूघर म्हणाले, लाहोरच्या संग्रहालयाला अजायबघर. नागपूरकरांनी आपल्या संग्रहालयाला अजब बंगला म्हटलं. आजही रिक्षावाल्याला ‘मध्यवर्ती संग्रहालय’ सांगितलं तर तो क्षणभर थांबतो, ‘अजब बंगला’ म्हटलं की हँडल वळवतो. या नावात कौतुक आहे आणि अंतरही आहे. बंगला साहेबाचा, आतलं सगळं अजब, आपण तोंडात बोट घालून पाहायचं आणि घरी जायचं. घरी गेल्यावर काय, हा प्रश्न बंगल्याने विचारला नाही आणि पाहणाऱ्यानेही नाही.

तो प्रश्न जगात पहिल्यांदा जोरात विचारला गेला तो मुलांच्या निमित्ताने. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १८९९ साली खास मुलांसाठी संग्रहालय निघालं. तिथे वस्तू हाताळायला मिळत. न्यूअर्क गावच्या संग्रहालयाचे जॉन कॉटन डेना तर मुळात ग्रंथपाल. पुस्तकं जशी घरी नेता येतात, तशा वस्तूही लोकांपर्यंत का जाऊ नयेत, असा त्यांचा रोख होता. मला स्वतःला या सगळ्यांत सर्वात जवळचा वाटतो तो व्हिक्टर डी’अमिको. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याने १९४२ पासून मुलांचा कलामेळा भरवला. आत मुलांना प्रवेश होता, आईबापांना नव्हता. मोठी माणसं जवळ असली की मूल त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून रंग निवडतं, हे त्याने ओळखलं होतं. आणि याच माणसाने १९५२-५३ मध्ये दूरचित्रवाणीवर एक कार्यक्रम केला. स्टुडिओत मुलं काम करत आणि घरोघरी मुलं पडद्यापुढे बसून त्यांच्याबरोबर करत. आपण २०२० साली जे नव्याने शोधल्यासारखं केलं, ते त्याने सत्तर वर्षं आधी केलं होतं. एक गोम मात्र राहिली. संग्रहालयात त्याने ज्या आईबापांना दाराबाहेर ठेवलं होतं, घरात तेच दार उघडणारे होते. घरच्या उपक्रमाची सगळी अडचण आणि सगळी गंमत इथेच आहे.

त्याचा हा मेळा १९६३ मध्ये भारतात आला. जॅकलिन केनेडी यांच्याकडून इंदिरा गांधींना भेट म्हणून, दिल्लीच्या बालभवनासाठी. म्हणजे हा प्रवाह आपल्याकडे पोचलाच नव्हता असं नाही. पोचला, आणि दिल्लीपाशी थबकला.

आपल्या हाडीमांसी भिनला तो वेगळाच प्रवाह. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची रेखनपद्धती एकोणिसाव्या शतकात मुंबईला आली, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झालं, आणि तिथून झिरपत झिरपत ती एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या रूपाने महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावात गेली. या परीक्षांची चेष्टा करणं सोपं आहे. मीही केली आहे, आणि तीस वर्षं मुलांना त्यांना बसवलंही आहे. पण त्यांच्या विषयांची नावं एकदा सावकाश वाचा : वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. समोर ठेवलेली वस्तू काढा, पाहिलेलं आठवून काढा, मनातलं रचून काढा. पाहण्याचा सगळा प्रवास या तीन शब्दांत आहे. घात झाला तो स्मरणचित्राचा. आठवणीची परीक्षा म्हणून सुरू झालेला हा पेपर तयार साच्यांचा झाला. पावसातली छत्री, भाजीबाजार, गणपतीची मिरवणूक. क्लासमध्ये चित्र पाठ करायचं आणि पेपरात उतरवायचं. मुलाने स्वतःचा बाजार पाहिला का, हे कुणी विचारत नाही.

साच्याविरुद्ध बंड झालं तेही जुनंच. व्हिएन्नामध्ये फ्रान्झ चिझेकने १८९७ च्या सुमारास मुलांचा वर्ग सुरू केला आणि शिकवू नका, वाढू द्या, असा आग्रह धरला. हर्बर्ट रीडचं ‘एज्युकेशन थ्रू आर्ट’ १९४३ मध्ये आलं. त्यानंतर बालकलेचं मुक्त आविष्कार हेच ब्रीद झालं. या पंथाने मुलांचं फार भलं केलं. पण संग्रहालयाच्या कामाला तो अपुरा पडतो, असं माझं मत आहे. मूल मनातलं काढत असेल तर त्याला समोर तांब्याची कुऱ्हाड कशाला हवी? वस्तूला काही म्हणायचं असतं, तिचंही ऐकून घ्यावं लागतं.

या दोन टोकांच्या मधली वाट आपल्या दारात, वर्ध्याला सापडली, आणि नागपूरच्या माणसाला तिची आठवण करून द्यावी लागते याचं मला वाईट वाटतं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नयी तालीमची कल्पना मांडली गेली : हाताच्या कामातून शिक्षण. पुढच्या वर्षी, डिसेंबर १९३८ मध्ये, मगनवाडीत मगन संग्रहालय उघडलं. मगनलाल गांधींच्या नावाचं हे संग्रहालय ग्रामोद्योगांचं आहे. चरखे, घाणी, हातकागद, माग. इथली वस्तू जुनी म्हणून ठेवलेली नव्हती, ती चालवता यावी, सुधारता यावी म्हणून ठेवलेली होती. पाहणाऱ्याने घरी जाऊन सूत कातत राहावं हाच तिचा हेतू. घरी करायच्या कामासाठी बांधलेलं संग्रहालय! एका बाजूला अजब बंगला, पाऊणशे किलोमीटरवर मगन संग्रहालय, आणि मधल्या काळात या दोघांची फारशी बोलचाल नाही.

सेवाग्रामला १९४४ मध्ये देवीप्रसाद आले. शांतिनिकेतनात शिकलेला हा तरुण पुढे मोठा कुंभकार झाला, पण सेवाग्रामात तो मुलांचा चित्रकलेचा शिक्षक होता. तिथल्या अनुभवावर त्यांनी जे पुस्तक लिहिलं ते इंग्रजीत ‘आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन’ या नावाने उपलब्ध आहे. चित्रकलेच्या शिक्षकाने आयुष्यात एक पुस्तक वाचायचं ठरवलं तर ते वाचावं, असं मी सांगेन. मूल स्वतःचं काढेल, पण आधी ते पाहील, हात लावेल, अंगणातली माती ओळखेल. साचाही नाही आणि मोकाट सोडणंही नाही. सेवाग्रामला गेलात तर बापूकुटीच्या भिंतींवर मीराबहनांनी मातीत उठवलेली ताडाची झाडं पाहा. ज्या मातीने भिंत लिंपली त्याच मातीतून चित्र वर आलं आहे. वेगळं सामान आणायला कुणी बाजारात गेलं नाही.

सामानाचा प्रश्न लहान नाही. बालकलेच्या मोठमोठ्या गप्पा शेवटी ‘अमुक कंपनीची बारा रंगांची पेटी’पाशी अडतात. हा अडसर आपल्याकडे ज्यांनी काढला त्यांत ताराबाई मोडकांचं नाव आधी घ्यायला हवं. माँटेसरीबाईंची महाग साधनं त्यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या अंगणात शंखशिंपल्यांत, बियांत आणून ठेवली. नंतर अरविंद गुप्ता. १९७० च्या दशकात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात त्यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून भूमिती उभी केली, आणि पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगणात कचऱ्यातून खेळण्यांचं विद्यापीठच चालवलं. या पुस्तकातल्या सामानाच्या याद्यांवर त्या दोघांची सावली आहे. रद्दी, सुतळी, नारळाच्या करवंट्या, ज्वारीचे धांडे, मिठाईच्या डब्याचा पुठ्ठा. यापलीकडे फारसं काही लागत नाही.

मग आला मार्च २०२०. टाळेबंदी लागली आणि संग्रहालयांना कुलपं लागली. युनेस्कोच्या त्या वर्षीच्या पाहणीप्रमाणे जगातली जवळपास ९० टक्के, म्हणजे ८५ हजारांवर संग्रहालयं बंद झाली होती. लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियमने लोकांना सांगितलं, घरातल्या वस्तू वापरून एखादं प्रसिद्ध चित्र स्वतः उभं करा आणि फोटो पाठवा. कुणी टॉवेलचा फेटा बांधून जुन्या डच चित्रातली बाई झालं, कुणी कुत्र्याला राजाचा झगा चढवला. हसण्यावारी नेण्यासारखा हा खेळ वाटतो, पण ज्याने केला त्याला विचारा. झग्याची घडी कुठे पडते, उजेड कुठल्या बाजूने येतो, हात कुठे टेकला आहे, हे पाहिल्याशिवाय फोटो जमतच नाही. तेही एक स्मरणचित्रच होतं, अंगावर काढलेलं.

त्याच दिवसांत दुसराही माल पुष्कळ आला. मूर्तीची बाह्यरेषा छापलेला कागद, आत रंग भरा, झालं. असे कागद मीही वाटले आहेत, म्हणून बोलायचा हक्क मला आहे. रंग भरणाऱ्या मुलाला मूर्तीकडे एकदाही पाहावं लागत नाही. रेघ कुणीतरी आधीच पाहून ठेवलेली असते. संग्रहालयाचं नाव वर छापलं म्हणून तो संग्रहालयाचा उपक्रम होत नाही.

महाराष्ट्रात टाळेबंदीच्या आधीपासून थोडं काम होत होतं, ते मुख्यतः मुंबईत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये फिरत्या संग्रहालयाची बस काढली आणि २०१९ मध्ये आवारातच मुलांचं संग्रहालय उघडलं. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय मातीच्या छोट्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. जुन्या मुंबईतली माणसं, त्यांचे पेहराव, त्यांचे धंदे. मूल तिथून बाहेर पडलं की त्याचे हात मातीसाठी शिवशिवतातच, उपक्रम वेगळा सांगावा लागत नाही. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये प्राग इथे संग्रहालयाची नवी व्याख्या मंजूर केली. तीत लोकसमूहांचा सहभाग हे शब्द पहिल्यांदा ठसठशीत आले. व्याख्येने काही होत नाही, हे मान्य. पण उद्या एखाद्या अभिरक्षकाला वरिष्ठांपुढे कागद ठेवायचा असेल तर त्याला आधार झाला.

आता नागपूरचे ‘लोकसमूह’ कोण? परिषदेला काय अभिप्रेत आहे ते असो, मला डोळ्यांपुढे दिसते ती महालातली चितारओळ. श्रावणापासून तिथली घरं आणि कारखाने वेगळे उरत नाहीत. ओसरीवर ओल्या मूर्ती, जिन्यात रंगाचे डबे, सुकायला ठेवलेले हात आणि सोंडा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. दुसऱ्या रघुजीराजांच्या काळापासून हा चालत आल्याचं नागपुरात सांगतात. पोरं लाकडी बैल ओढत निघतात. कुणाचा बैल सुताराने केलेला, पिढ्यान्‌पिढ्या माळ्यावरून उतरणारा, कुणाचा पुठ्ठ्याचा. झूल आईने शिवलेली, शिंगांना बेगड बापाने लावलेली. त्याच दिवशी मारबत. काळी आणि पिवळी मारबत १८८० च्या दशकापासून निघते आणि तिच्याबरोबर बडगे. बांबू, कागद, चिंध्यांचे हे पुतळे म्हणजे त्या वर्षीच्या बातम्यांवरची टीका. भाववाढ, घोटाळे, पुढारी, सगळे मिरवतात आणि जळतात. आमच्या शहरात शिल्पकलेचं एवढं मोठं सार्वजनिक प्रदर्शन दुसरं नाही, आणि ते संध्याकाळी राख होतं.

मग येते भुलाबाई. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर विदर्भातल्या मुली भुलोजी-भुलाबाई मांडतात, गाणी म्हणतात, झाकलेली खिरापत ओळखायला लावतात. शेवटी ज्वारीच्या धांड्यांचा मखर. या मखराला कुणी रचनाकला म्हटलं नाही, कारण तो आईने किंवा आजीने केलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी गाईपुढे जातो. गोलीबार चौकाकडच्या कोष्टी घरांमध्ये मागावर बसणारा माणूस विणकर म्हणवला गेला, कांड्या भरणारी त्याची बायको काहीच म्हणवली गेली नाही. घरी करायच्या कलेबद्दल बोलताना हे विसरून चालणार नाही. घर ही काही रिकामी जागा नव्हे, जिथे संग्रहालयाने येऊन कला पेरावी. तिथे पीक आधीच उभं होतं. त्याला पीक म्हणायचं राहून गेलं होतं.

आता शहराबाहेर जाऊ. चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपल्या आहेत. तिथला कोट, टंकलेखन यंत्र यांपुढे उभं राहिलेलं माणूस ‘अजब’ म्हणत नाही. ते हात जोडतं, मग मुलाला काहीतरी सांगू लागतं. वस्तू कुणाची, हे माहीत असलं की पाहण्याची जात बदलते. या पुस्तकात घरातल्या एका वस्तूचं ‘दालन’ मांडण्याचा जो भाग आहे, त्याची प्रेरणा मला अशा पाहण्यात दिसते. आजीचा अडकित्ता, आजोबांचा गिरणीतला बिल्ला, दीक्षाभूमीवरून आणलेली छोटी मूर्ती. तिच्याखाली चिठ्ठी लिहायची : काय आहे, कशाची आहे, कुणी वापरली, कुठे झिजली आहे. ही चिठ्ठी लिहिलेल्या मुलाला संग्रहालयातली ‘दगड, बारावे शतक’ एवढीच पाटी वाचून राग येतो. तो राग यायला हवा.

घरीच करायचं काम आत्ताच का, याचं एक उत्तर तर हवामानातच आहे. महाराष्ट्रात इतरत्र शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हामुळे त्याहून उशिरा. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच पोरं कूलरपुढे कोंडलेली. पूर्वी तिथे पत्ते आणि अष्टचंगे होते, आता मोबाइल आहे. मोबाइलच्या नावाने खडे फोडणाऱ्यांत मी नाही. पण मोबाइलमध्ये सगळं नुसतं दिसतं, हातात काही येत नाही. दुसरं उत्तर शाळेत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेला इतर विषयांशी जोडण्याची भाषा भरपूर आहे, आणि प्रत्यक्षात चित्रकलेच्या तासाला गणिताचा जादा तास होतो. जे शाळेत होत नाही ते घरावर येऊन पडतं.

लेखिकेने मला हस्तलिखित दिलं तेव्हा मी अट घातली होती की आधी करून पाहीन, मग लिहीन. मे महिन्यात नातवंडं आली होती. माहुरझरीच्या मण्यांवरचा भाग आम्ही पहिल्यांदा घेतला. नागपूरपासून जवळच्या या गावी महापाषाणयुगीन लोक रंगीत दगडांचे मणी घडवत, हे उत्खननातून कळलं आहे. आम्ही मातीचे केले. पहिल्या दिवशीचे सगळे तडकले. कूलरच्या वाऱ्यात माती वरून सुकते, आतून ओली राहते, हे पुस्तकात लिहिलं नव्हतं. मी कळवलं, आता लिहिलं आहे. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याखाली सावकाश सुकवले. भोक पाडताना काडी मधोमध जाईना. धाकटी नात वैतागून म्हणाली, ‘‘आबा, ते लोक दगडाला कसं भोक पाडत होते?’’ मला उत्तर येत नव्हतं. पण तिने आता हा प्रश्न विचारला, संग्रहालयात मणी पाहताना नव्हता विचारला. शिळावर्तुळांचा भाग आम्ही गच्चीवर गोट्या मांडून केला. जुनापाणीला अशी सुमारे तीनशे वर्तुळं आहेत हे सांगितल्यावर थोरला म्हणाला, एवढ्या गोट्या नाहीत आपल्याकडे. चांदीच्या बैलासाठी मिठाईवरचा वर्ख नव्हे, औषधाच्या पाकिटाचा पत्रा वापरला. तान्ह्या पोळ्याला बेगड लावायचा सराव असल्यामुळे तो पहिल्या फटक्यात जमला.

प्रत्येक उपक्रमाची चाल एकच आहे आणि ती मला फार पटली. आधी जाऊन पाहायचं, तिथे कागद काढायचा नाही. घरी येऊन आठवणीतून करायचं. जिथे आठवत नाही तिथे मनाने भरायचं नाही, कोरं सोडायचं. मग पुन्हा जायचं, आणि फक्त तेवढंच पाहायचं जे कोरं राहिलं. क्लासवाल्यांनी मारलेलं स्मरणचित्र इथे असं जिवंत झालं आहे.

पुस्तकाने काय केलेलं नाही, तेही सांगतो. हे हस्तकलेचं पुस्तक नाही, इथे तयार वस्तू सुंदर दिसण्याची हमी नाही, फोटोही मुद्दाम अर्धवट कामांचे घेतले आहेत. हा संग्रहालयाचा मार्गदर्शकही नाही. कुठल्या दालनात काय ठेवलं आहे हे बदलत राहतं, म्हणून खोल्यांचे नकाशे दिलेले नाहीत. गोंड आणि माडिया कलेवरचा भाग मला थोडा तोकडा वाटला, तसं मी लेखिकेला सांगितलं. दुसऱ्याच्या देवाच्या खुणा आपण सुट्टीतला खेळ म्हणून काढाव्यात का, या शंकेने त्यांनी तिथे हात आखडता घेतला आहे. शंका रास्त आहे. तिथे त्यांनी उपक्रमाऐवजी प्रश्न दिले आहेत, आणि ते प्रश्न ज्या घरांत ती चित्रं काढली जातात तिथेच जाऊन विचारायचे आहेत.

आईबापांना एक विनंती. डी’अमिकोसारखं तुम्हाला दाराबाहेर काढणं शक्य नाही, घर तुमचंच आहे. तेव्हा मुलाच्या शेजारी बसा, पण स्वतःचा वेगळा कागद घेऊन. त्याची रेघ सुधारू नका. तुमची सुधारत नाही हे त्याला दिसू द्या.

आमच्या घरी नातीच्या कुऱ्हाडीच्या चित्रात धारेकडचा भाग कोरा राहिला होता. पुन्हा पाहून यायचं ठरलं, पाण्याच्या बाटल्या भरल्या, डोक्याला दुपट्टे बांधले आणि सकाळी दहालाच निघालो. फाटकापाशी गेल्यावर आठवलं, तो सोमवार होता. अजब बंगला सोमवारी बंद असतो.